उन्हात दिसणारं जाळं

"तिथून नाही दिसायचं. इकडे या, आणि जरा वाका," मास्तर म्हणाले.

ड्रायव्हर त्यांच्या बाजूला आला आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकला. काळ्या बॉनेटवर उन्हाचा कवडसा पडला होता आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक ओरखड्यांची कडी एकात एक गुंतून बसली होती, कोळ्याचं जाळं असावं तशी. मास्तरांनी डोकं डावीकडे नेलं तसं जाळंही त्यांच्याबरोबर सरकलं.

"हेच," ड्रायव्हर म्हणाला. "हॉटेलच्या मॅनेजरनं हेच दाखवलं. म्हणाला, तुझी गाडी सावलीत तरणी दिसते आणि उन्हात आली की म्हातारी. हे निघेपर्यंत पाहुण्यांना आणायला पाठवणार नाही म्हणे. आता मला सांगा, एक पोचा नाही गाडीला. कुठे घासलेली नाही, ठोकलेली नाही."

"पुसता कशानं?"

"मऊ फडकं आहे चांगलं."

"कोरडंच फिरवता?"

ड्रायव्हर जरा ओशाळला. "काळ्यावर धूळ फार दिसते हो. पाहुणे यायच्या आत फिरवतो एक हात. आणि पंपावर ते गरागरा फिरणारे ब्रश आहेत ना, अधूनमधून त्यातून काढतो."

"मग हे तुम्ही आणि त्या ब्रशांनी मिळून विणलंय," मास्तर म्हणाले. "फडकं मऊ असतं, धूळ नसते. धूळ म्हणजे वाळूच. कोरडं फडकं तिला धरतं आणि रंगावरून फिरवून आणतं. पांढऱ्या गाडीवरही हेच होतं, पण तिथे झाकून जातं. काळा रंग काही पोटात ठेवत नाही."

मग त्यांनी नेहमीप्रमाणे सगळं सांगितलं. आधी नुसत्या पाण्याच्या धारेनं धूळ उतरवायची, हात लावायचा नाही. बादल्या दोन घ्यायच्या, एकीत साबण, एकीत साधं पाणी. लोकरीचा हातमोजा साबणात बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात खळबळून काढायचा, म्हणजे माती तिथे तळाला बसते. हात गोल फिरवायचा नाही, सरळ ओढायचा. भार द्यायचाच नाही. आणि टिपताना टॉवेल घासायचा नाही, पसरून ठेवायचा आणि उचलायचा.

"एवढं तर मी स्वतःला धूत नाही," ड्रायव्हर म्हणाला, आणि किल्ली मास्तरांच्या हातात दिली. "संध्याकाळी मिळेल ना? उद्या सकाळी विमानतळावर जायचंय. मॅनेजर म्हणाला, जाळं काढून आण, उद्याचे पाहुणे तुझे."

"मिळेल," मास्तर म्हणाले.

किल्ली त्यांनी तळहातावर घेतली, तिच्याकडे बघितलं आणि मग मूठ मिटली. हल्ली त्यांना हातातली वस्तू बघून धरावी लागत असे.

मास्तर कुणाचे मास्तर नव्हते. ज्याला त्याला दोन-दोनदा समजावून सांगायची सवय म्हणून वर्कशॉपच्या मालकानं त्यांना हे नाव ठेवलं होतं, ते त्यांच्या बायकोपर्यंत जाऊन पोचलं. मालकाला मास्तर जाड्या म्हणत. दोघं तरुणपणी एकाच गॅरेजात पडेल ते काम करत होते. पुढे जाड्यानं ही शेड घेतली आणि मास्तरांना म्हणाला, तू पॉलिश बघ, बाकीचं मी बघतो. मधुमेहानं जाड्या आता इतका वाळला होता की शर्टात शोधावा लागे, पण नाव जुन्याच मापाचं राहिलं होतं.

शेडच्या एका टोकाला गाड्या धुवायची जागा होती, दुसऱ्या टोकाला पॉलिशची बंद खोली. खोलीत दिवे असे लावलेले होते की रंगातला बारीकसुद्धा दोष लपू नये. आपलं अर्धंअधिक आयुष्य मास्तरांनी त्या खोलीत काढलं होतं, हातात गुरगुरणारं मशीन धरून. घरी गेल्यावरही पूर्वी काही वेळ हातांत ती गुरगुर राहायची. मग ती राहीनाशी झाली. मास्तरांना तेव्हा बरंच वाटलं होतं.

त्यानंतर कधीतरी थंडीच्या दिवसांत सकाळी बोटांची टोकं पांढरीफटक पडायला लागली. मुंग्या यायच्या, मग जायच्या. मग मुंग्या आल्या तरी कळेना. पूर्वी धुतलेल्या पत्र्यावर बोटं फिरवली की मास्तरांना कुठे काय चिकटलंय ते डोळे मिटून सांगता येत असे. बारीकसारीक कण असला तर पातळ प्लास्टिकची पिशवी हातावर चढवायची, तिच्यातून तो दुप्पट जाणवतो. आता पिशवी असो नसो, पत्रा काही सांगत नव्हता. मास्तरांनी ते कुणाला बोलून दाखवलं नाही. लपवायचं असं काही ठरवलं नव्हतं. बोलायचं उद्यावर गेलं आणि तिथेच राहिलं. हात सांगेना तेव्हा ते डोळ्यांनी आणि कानांनी भागवायला लागले. मशीनच्या तोंडाशी लावलेलं स्पंजचं पॅड कोरडं पडलं की आवाज बदलतो. रंग तापला की पॉलिशचा वास बदलतो. भागत होतं.

त्या दिवशीही त्यांनी सगळं रीतसर केलं. गाडी धुतली. चिकणमातीसारखा गोळा फिरवून रंगात रुतलेली घाण काढली. काचांच्या कडा, दिव्यांच्या कडा, जिथे जिथे पत्र्याला धार आहे तिथे निळी टेप लावली, कारण धारेवर रंग मुळातच पातळ असतो आणि मशीन तिथेच सगळ्यात आधी खातं. दाराच्या खालच्या कोपऱ्यात थोडं घासून बघितलं. कुठलं पॅड, कुठलं पॉलिश, किती वेग, ते ठरलं. मग एकेक दार घेतलं. दिव्याखाली जाळं विरत गेलं आणि त्याच्या जागी खोल, ओला वाटावा असा काळा रंग वर आला. त्यात मास्तरांना स्वतःची टोपी दिसली, टोपीखाली चेहरा दिसला. ते तिथे थांबले नाहीत.

शेवटी बॉनेट घेतलं. बॉनेटच्या मधोमध दोन उभ्या धारा होत्या, दोन्हींवर टेप होती. मास्तर डाव्या धारेशी आले. मशीनचा आवाज ठीक होता. अधूनमधून ते मशीन थांबवून बोटांची मागची बाजू पत्र्याला लावून बघत, फार तापला तर नाही म्हणून. तशी त्यांनी लावली. काही जाणवलं नाही, म्हणून ठीक असेल असं धरून ते पुढे गेले.

पॅड पुसायला उलटं केलं तेव्हा त्यावर काळा रंग होता.

आजकालच्या गाड्यांच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. घासायचं ते त्याला, आणि पॅडवर येतं ते त्याचंच पांढुरकं पीठ. काळं यायचं काहीच कारण नसतं. काळं आलं याचा अर्थ वरचा थर संपला आणि खालचा मूळ रंग निघाला. मास्तरांनी दिवा जवळ ओढला. धारेवरची टेप केसभर बाजूला सरकली होती. लावताना टेपेची कड आणि पत्र्याची धार एकावर एक आलीय की नाही हे ते आयुष्यभर बोटानं चाचपत आले होते. आजही चाचपलं होतं. धार बोटभर लांबीची उघडी पडली होती, आणि तिथला काळा रंग मेलेला, राखेसारखा दिसत होता. पॉलिश करून भरून येणारी ही गोष्ट नव्हती. बॉनेट नव्यानं रंगवावं लागणार होतं.

मास्तरांनी मशीन बंद केलं, वायर गुंडाळली आणि स्टुलावर बसले. पोटात गोळा यायला हवा होता. तो येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली. मग जेवायची वेळ झाली होती म्हणून डबा उघडला आणि जेवले. जेवण नेहमीसारखं लागलं.

जाड्या आत आला तेव्हा ते डबा पुसत होते.

"ड्रायव्हरचा दोनदा फोन आला," जाड्या म्हणाला. "सांगू का वेळेवर मिळेल म्हणून?"

मास्तरांनी पॅड उचलून त्याच्यासमोर धरलं. जाड्यानं पॅड पाहिलं, मग बॉनेटकडे गेला आणि दिवा हातानं फिरवून बराच वेळ बघत राहिला.

"टेप लावली नव्हतीस?"

"लावली होती. बाजूला बसली. कळलं नाही."

"कळलं नाही म्हणजे?"

"म्हणजे कळलं नाही."

जाड्यानं दार लावून घेतलं. "हे बघ," तो हळू आवाजात म्हणाला, "एवढंसं आहे. वरून दाट वॅक्स बसव. काळं वॅक्स आहे आपल्याकडे. त्याला काय, त्याच्या मॅनेजरलासुद्धा दिसणार नाही. उद्याचे पाहुणे आणेल बिचारा. पुढे चार धुण्यांनी उघडं पडेल तेव्हा बघू. उन्हानं गेलं म्हणू."

"मी म्हणणार नाही."

"मग मी म्हणतो. तू तोंड उघडू नकोस."

मास्तरांनी उजवा हात पुढे केला, पालथा नाही, बोटं वर करून. "चिमटा काढ," ते म्हणाले.

"काय लावलंयस?"

"काढ तर. पहिल्या बोटाला."

जाड्यानं त्यांच्या बोटाच्या टोकाला चिमटा काढला आणि तोंडाकडे बघितलं. मग जोरात काढला. मग नख लावलं. नखाचा लाल चंद्र बोटावर उमटला.

"लागतंय?"

"तू दाबतोयस हे दिसतंय," मास्तर म्हणाले.

जाड्यानं हात सोडला नाही. तो तसाच धरून उभा राहिला, कुणीतरी सांभाळायला दिलेली वस्तू धरावी तसा. "दुसरा?" त्यानं विचारलं.

"तोही. करंगळ्या जरा बऱ्या आहेत."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"आणि मला आज सांगतोस?"

"आज पॅडवर आलं म्हणून," मास्तर म्हणाले. "नाहीतर आजही सांगितलं नसतं."

जाड्या बाहेर गेला. जाताना त्यानं दार उघडंच ठेवलं. बाहेर तो कुणाशी तरी फोनवर बोलत होता, शेजारच्या शेडमधल्या रंगाऱ्याशी असावा. बॉनेट कधी घेशील, वाळायला किती लागेल, नाही, आजच्या आज होत नाही हे मलाही कळतं.

संध्याकाळी ड्रायव्हर आला तो दाढी करून, धुतलेला शर्ट घालून आला. उद्याची तालीमच जणू. गाडी मास्तरांनी बाहेर उन्हात आणून ठेवली होती. त्यानं लांबूनच एक चक्कर मारली, दारांवर वाकून बघितलं, आणि हसला. "कुठे गेलं हो जाळं," तो म्हणाला. "मॅनेजरला सांगतो, घे, आता शोध."

"बॉनेटकडे या," मास्तर म्हणाले.

त्यांनी बोट ठेवून जागा दाखवली. काय झालं ते सांगितलं, कसं झालं ते सांगितलं, चूक माझी आहे म्हणून सांगितलं. आवाज सकाळी धुण्याच्या बादल्या समजावताना होता तसाच होता. स्वतःच्याच कानांना तो तसा ऐकू आला तेव्हा मास्तरांना वाटलं, हे निदान वेगळ्या आवाजात सांगायला हवं होतं. पण दुसरा आवाज सापडला नाही.

ड्रायव्हरनं त्या राखाडी रेघेवरून अंगठा फिरवला. त्याच्या अंगठ्याला ती जाणवत असणार. "सकाळी तुम्ही मला शिकवत होता," तो म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. त्याला ती दोन टोकं जुळवताच येत नव्हती.

"हो," मास्तर म्हणाले.

जाड्या पुढे झाला. बॉनेट आम्ही नवं रंगवून देऊ, त्याचं तुम्हाला काही बघायला नको, फक्त गाडी इथे ठेवावी लागेल. हवी तर तोवर माझी गाडी घेऊन जा.

"तुमची पांढरी आहे," ड्रायव्हर म्हणाला. "त्यांना काळीच लागते."

मग तो फोन घेऊन फाटकाजवळ गेला. त्याची पाठ दिसत होती. बोलताना तो एका हातानं फाटकाच्या गजावरचा गंज खरवडत होता. परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "उद्याची फेरी दुसऱ्याला दिली." गाडीचं दार उघडून त्यानं समोरच्या खणातून गॉगल काढला, पाण्याची बाटली काढली, कमरेमागची चपटी उशी काढली. उशी काखेत मारून तो चालत निघाला. फाटकापर्यंत मास्तर त्याच्या मागे गेले.

"माफ करा," ते म्हणाले.

"वॅक्स लावून दिलं असतंत तर मला कळलंही नसतं," ड्रायव्हर म्हणाला. ते त्यानं आभारादाखल म्हटलं की तसं केलं असतंत तर बरं झालं असतं म्हणून, ते मास्तरांना तेव्हा कळलं नाही आणि नंतरही कळलं नाही.

घरी त्यांची बायको खिडकीशी बसून कुणाच्या तरी पँटची शिवण घालत होती. ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती आणि उरलेलं घरी घेऊन येत असे. मास्तरांनी हात-पाय धुतले, शर्ट काढायला घेतला आणि बटणं काढता काढता सांगितलं, आज एक बॉनेट जाळलं.

"भाजलं कुठे तुम्हाला?"

"मला नाही. रंग जळला." मग थांबून म्हणाले, "बोटं गेलीत माझी. काही कळत नाही त्यांना."

"माहीत आहे," ती म्हणाली. सुई चालूच होती.

मास्तर शर्ट हातात घेऊन उभे राहिले. "काय माहीत आहे?"

"पेला दोन्ही हातांनी धरता. खिशातली किल्ली चाचपून काढत नाही, सगळा खिसा टेबलावर ओतता आणि मग शोधता. मध्ये कपानं बोट भाजलं तर फोड आल्यावर म्हणालात, हे कुठून आलं." तिनं दोरा दातानं तोडला. "शर्ट बघा तो."

"काय बघू?"

"बटणं बघा."

मास्तरांनी शर्ट उजेडाकडे नेला. बटणं मोठी होती. कोटाला असतात तेवढी नाहीत, पण शर्टाला असतात त्याहून मोठी, आणि रंगाला अशी जुळवलेली की डोळ्यावर येऊ नयेत. काजंही लांबवलेली होती, कडा नव्यानं बारीक दोऱ्यानं विणलेल्या. त्यांनी कपाट उघडलं. सगळ्या शर्टांना तशीच होती.

गेले काही महिने त्यांना बटणं सोपी जात होती. आधी सकाळी आरशासमोर नाकी नऊ येत, मग हळूहळू ते जमायला लागलं. त्यावरून त्यांनी मनाशी धरलं होतं की बोटं सुधारतायत. थोडा दम धरला की येतील पहिल्यासारखी.

"मला बोलली का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून," ती म्हणाली. मग पँट मांडीवरून खाली ठेवून उठली. "जेवायला वाढते. उद्या डॉक्टरकडे जाऊ. मी रजा सांगितलीय दुकानात."

"सांगितलीससुद्धा? कधी?"

"दुपारी भाऊजींचा फोन आला होता," ती म्हणाली. भाऊजी म्हणजे जाड्या.

डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले आणि सांगितलं, टोचलं की 'आता' म्हणा. मास्तर खुर्चीत ताठ बसले. समोर खुर्ची करकरली, बाही सळसळली, तसं ते म्हणाले, "आता."

"मी अजून हात लावलेला नाही," डॉक्टर म्हणाले.

त्यांची बायको बाकावर बसली होती. ती जमिनीकडे बघत होती. मास्तरांनी त्यानंतर 'आता' म्हणायचं सोडून दिलं, आणि डॉक्टरांनी पुष्कळ वेळ टोचून झाल्यावर सुई ठेवून दिली. मशीनच्या कंपनानं नसा मेल्या आहेत, ते म्हणाले. गेलं ते परत येत नाही. बधिरपणा वर हातात चढायला नको असेल तर मशीन हातात धरू नका, एक दिवससुद्धा.

"मग मी काय करू?" मास्तरांनी विचारलं. डॉक्टरांना तो प्रश्न औषधाबद्दलचा वाटला आणि त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

ड्रायव्हरची गाडी नव्यानं रंगवलेलं बॉनेट घेऊन गेली तेव्हा मास्तर तिथे नव्हते. ते पुन्हा कामावर आले तेव्हा पॉलिशच्या खोलीत रंगारी होता. जाड्यानं त्याला शेजारून इकडे आणला होता. मास्तरांना पाहून त्यानं मशीन बंद केलं आणि बाजूला झाला, जणू खुर्ची रिकामी करून देत होता.

"चालू दे," मास्तर म्हणाले. खुंटीवरचा आपला जुना एप्रन त्यांनी काढून घेतला आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला गेले, जिथे गाड्या धुतात.

त्याबद्दल जाड्या आणि त्यांच्यात बोलणं झालं नव्हतं. जाड्या ऑफिसातून बघत होता. त्यानं बघितलं की मास्तरांनी दोन बादल्या घासल्या, एकीत साबण केला, लोकरीचा हातमोजा दोन्ही बाजूंनी उजेडात धरून नीट तपासला, आणि आलेल्या पहिल्या गाडीवर पाणी सोडलं. मग जाड्यानं ऑफिसचं दार लोटून घेतलं.

धुण्याच्या कामात हाताला काही कळावं लागत नाही. ओला हातमोजा त्याच्याच वजनानं चालतो; माणसानं फक्त तो सरळ ओढायचा. गिऱ्हाइकांना वाटे, म्हातारा आळशी आहे, कशी सावकाश धुतोय बघा. एक बाई एकदा म्हणाल्या, "अहो, जरा जोर लावा की." मास्तर त्यांनाही बादल्या समजावून सांगायला लागले, मग मध्येच थांबले आणि म्हणाले, "लावतो." आणि होते तसेच धूत राहिले.

खोलीतून मशीनचा आवाज येई. एकदा तो आवाज चढला, कोरडा झाला. पॅड कोरडं पडलं होतं. मास्तर हातमोजा बादलीत टाकून उठले, चार पावलं गेले. तेवढ्यात आवाज आपोआप खाली आला. रंगाऱ्यानं पॉलिश घेतलं असणार. मास्तर तिथेच उभे राहिले. मग नळाशीच आलो होतो असं दाखवत त्यांनी नळ उघडला आणि बंद केला.

थंडी पडली तसं जाड्यानं धुण्याच्या जागी गरम पाण्याचा नळ बसवून दिला. मास्तर सकाळी गरम आणि गार पाणी बादलीत सोडत आणि कामाला लागत. एक दिवस जाड्या सहज बोलायला म्हणून आला. मास्तरांचे दोन्ही हात मनगटापर्यंत बादलीत होते. बोलता बोलता जाड्यानं बादलीवरची वाफ पाहिली, पाण्यात बोट घातलं आणि झटकन मागे घेतलं. मग त्यानं मास्तरांची मनगटं धरून हात पाण्याबाहेर काढले. ते कोपराच्या दिशेनं लाल होत गेलेले होते, आणि बोटांवर कातडी सुरकुतून पांढरी पडली होती. दोघं त्या हातांकडे बघत उभे राहिले.

"गार सोडायला विसरलो असेन," मास्तर म्हणाले.

"असेल," जाड्या म्हणाला.

फोड बरे होईपर्यंत मास्तर घरी राहिले. परत आले त्या सकाळी त्यांनी बादल्या भरल्या आणि हातमोजा उचलला, तेवढ्यात जाड्या ऑफिसकडे जाता जाता वाट वाकडी करून आला. गाडी कुणाची आहे वगैरे काहीतरी विचारलं. विचारता विचारता खाली वाकून पाण्यात हात घातला, नळ थोडा उघडून गार पाणी सोडलं, पुन्हा हात घातला, आणि ओला हात पँटला पुसत निघून गेला. दुसऱ्या दिवशीही तसाच आला. पुढे तो विचारायचाही बंद झाला. यायचा, वाकायचा, हात घालायचा, जायचा. कधी गार सोडायचा, कधी गरम. मास्तर तेवढ्या वेळात दुसरीकडे बघायचे, टायरकडे, नाहीतर गाडीच्या छताकडे.

थंडी सरत आली असताना एके दिवशी जाड्याला यायला उशीर झाला. काळी मोठी गाडी आली होती, तिचा मालक बाजूला उभा होता. मास्तरांनी बादल्या भरल्या होत्या. हातमोजा कोरडाच त्यांच्या मांडीवर होता आणि ते स्टुलावर बसले होते.

"करायची ना सुरुवात?" मालकानं विचारलं.

"करू या," मास्तर म्हणाले. "माझा मित्र येतोय. तो आला की करू."

त्यांनी फाटकाकडे बघितलं आणि बसून राहिले.